देवकापसाचं शुद्ध बी

झाड मरायला तेरा दिवस पुरले. त्या तेरा दिवसांत त्याच्यावर जेवढी माया झाली तेवढी यशोदाबाईंच्या हयातीत चाळीस वर्षांत झाली नव्हती. भेटायला येणारा प्रत्येक माणूस शिवाजी पार्कच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात शिरायचा, बायको गेलेल्या शरदचंद्रांचा हात हातात घ्यायचा, मग गॅलरीतल्या पत्र्याच्या पिंपाकडे बघायचा. पिंपात देवकापसाचं झाड होतं. "वहिनींचं झाड," असं म्हणून तो आत जायचा आणि तांब्याभर पाणी आणून त्याला घालायचा. दिवसाला पंधरा-वीस तांबे. शरदचंद्रांना वाटायचं, नको म्हणावं. पण रडणाऱ्या माणसाच्या हातातला तांब्या काढून कसा घ्यायचा? दहाव्याला पानं पिवळी पडली, तेराव्याला गळली. धाकट्या भावाने, राजेशने, सगळ्यांना सांगितलं की झाडालासुद्धा दुःख असतं. मुळं कुजली होती, पण दुःखाचं ऐकायला बरं वाटत होतं, म्हणून तेच ठरलं.

त्याला अकरा महिने झाले. वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलं होतं. झाड गेलं, पण यशोदाबाईंनी शेवटच्या हंगामात काढून ठेवलेलं बी देवघरातल्या काचेच्या बरणीत होतं. वर्षश्राद्ध उरकलं की त्यातलं एक बी पिंपात लावायचं, एवढं एकच काम शरदचंद्रांनी या वर्षात स्वतःसाठी ठरवलं होतं. बाकी सगळी कामं त्यांच्यासाठी दुसऱ्यांनी ठरवली होती.

आजचं बोलावणंही तसंच. घर शरदचंद्रांचं, बोलावलं राजेशने. संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते. गिरगावहून थोरली बहीण मृणालिनीताई आली होती, शहात्तर वर्षांची, हातात तिळगुळाचा डबा, तोंडात त्याच्या उलट. राजेशची मुलगी देविका पहाटेच्या गाडीतून उतरून थेट आली होती. ती एका संशोधन केंद्रात कापसाच्या रोगांवर काम करायची. राजेश लोकांना 'आमची शास्त्रज्ञ' म्हणायचा आणि घरात 'तुझी ती माशा सोडायची नोकरी' म्हणायचा.

आज मात्र तो तिच्यावर खूश होता. त्याने एक कागद आणला होता. त्यावर पितळी पाटीचं चित्र होतं.

"दादा, बघ. आपल्या कापसाच्या वाणाला नाव द्यावं लागतं ना? 'त्रिलोकेकर शुद्ध'. कसं वाटतं?"

"पाटी कुठे लावणार?" शरदचंद्रांनी विचारलं.

"पिंपावर."

"रिकाम्या?"

राजेशने ते ऐकलं नाही. ऐकू न येण्याची सोय त्याला लहानपणापासून होती. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्याने घराण्याचा कुलवृत्तांत स्वतः लिहिला, स्वतः छापला आणि स्वतःच सगळ्यांना भेट दिला. त्यात या झाडावर एक अख्खं प्रकरण होतं. पणजोबा कुलाब्याच्या कापूस गोदामात कारकून होते. त्यांनी एक बी आणून गिरगावच्या परसात लावलं. देवाच्या वाती त्याच कापसाच्या. सव्वाशे वर्षं त्या एका बीचा वंश, बाहेरच्या बीचा स्पर्श नाही. सासूने सुनेला तिच्या पहिल्या संक्रांतीला बी द्यायचं, घराबाहेर एक दाणा जाऊ द्यायचा नाही. लेकींना बी मिळत नसे, कारण लेकी दुसऱ्याच्या घरी जातात. त्यांना दर दिवाळीला वळलेल्या वातींचा डबा जाई. मृणालिनीताईंकडे असे पन्नास डबे गेले होते.

"बाबा, नाव नंतर," देविका म्हणाली. "आधी काय झालं ते ऐका. दोन वर्षांपूर्वी काकूने मला पंधरा बिया दिल्या होत्या."

"तुला?" राजेशने मान वर केली. "मुलीला?"

"रुमालात बांधून. म्हणाली, तुझ्या बाबांना सांगू नकोस, पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढतील."

शरदचंद्र हसले. अकरा महिन्यांत पहिल्यांदा यशोदाचं एक नवीन वाक्य कानावर आलं होतं. मृणालिनीताई हसल्या नाहीत. त्या देविकाकडे बघत होत्या. पंधरा बिया, पोरीला, रुमालात.

"बारा उगवल्या," देविका सांगू लागली. "उत्तरेकडे, पंजाब-राजस्थानात, कापसाला एक विषाणू लागतो. पांढरी माशी तो इकडून तिकडे नेते. पानं वाटीसारखी वळतात, झाड खुरटतं, बोंड धरत नाही. आम्ही काकूची रोपं जाळीच्या खोलीत ठेवली, शेजारी नेहमीचं पेरतात ते अमेरिकन जातीचं वाण. मग रोगट झाडांवरच्या माशा सोडल्या. तीन आठवड्यांत त्या वाणाची पानं वळली. काकूच्या बारांपैकी एकालाही काही झालं नाही."

राजेशने मांडीवर थाप मारली. "शुद्ध रक्त. मी प्रकरणात लिहिलंच आहे, पान एकशे चौदा."

"देशी कापसाला हा रोग सहसा लागत नाही, बाबा. ते आधीच माहीत होतं. पण विषाणूही बदलत राहतो, म्हणून आम्ही वेगवेगळ्या देशी झाडांचे गुण शोधतोय. नवल पुढेच आहे. बारा रोपांची आतली, जनुकांची तपासणी केली, तर बारा तऱ्हा निघाल्या. एकात खानदेशाकडचा अंश आहे, एकात कोकणातला, एकात गुजरातेतला. काहींत असं काहीतरी आहे की ते आमच्या नोंदीतल्या कशाशीच जुळत नाही. एका बीचा वंश नाहीच हा."

टीपॉयवर दोन इनहेलर शेजारी शेजारी पडले होते, एक शरदचंद्रांचा, एक राजेशचा, एकाच कंपनीचे. दोघे नेहमी चुकून एकमेकांचा उचलत. त्यांच्या वडिलांना तोच दमा होता, वडिलांच्या मामांनाही. दोनशे वर्षं त्याच दहा-बारा घरांत मुली दिल्या आणि घेतल्या की दमाही आहेरासारखा फिरत राहतो. शरदचंद्रांनी समोरच्या आरशात पाहिलं. दोन टकलं, एकाच मापाची.

"म्हणजे भेसळ," राजेश म्हणाला.

"भेसळ म्हणा. तेच तर हवंय. मैलोनमैल एकच वाण पेरलं की विषाणूचं काम सोपं होतं. एका झाडात शिरायची वाट सापडली की सगळ्या शेतात शिरला. इथे प्रत्येक झाडाची वाट वेगळी. एकात शिरला तरी दुसऱ्याशी अडेल."

"पण आपल्या घरात बाहेरचं बी येईल कुठून? आईने येऊ दिलं नसतं. ताई, सांग हिला."

"आईने तर बाहेरचा कढीपत्ता येऊ दिला नाही," मृणालिनीताई म्हणाल्या. "शेजारणीने दिलेला कढीपत्ता दोनदा धुवायची. तुझ्या यंत्राचंच काहीतरी चुकलं असेल, देविका."

"चुकलं की नाही ते पुन्हा तपासता येईल, आत्या. पण ती बारा झाडं उरली नाहीत. रोगाच्या खोलीतलं काही बाहेर आणता येत नाही, चाचणी संपली की जाळावं लागतं. मला आणखी पन्नास बिया हव्यात. हे झालं तर त्यातले गुण पुढच्या वाणांत घेता येतील. काका, बरणीत किती आहेत?"

शरदचंद्रांना देविका आवडायची, तरी त्यांची नजर देवघराकडे गेली. पन्नास. त्यांनी बरणी कधी मोजली नव्हती. रोज सकाळी नुसती बघितली होती.

"घे," ते म्हणाले. "मला एक ठेव म्हणजे झालं."

मृणालिनीताई उठल्या. अकराव्या दिवसापासून देवघर त्यांच्याच ताब्यात होतं. दर गुरुवारी गिरगावहून येऊन त्या शरदचंद्रांच्या हातचं सगळं पुन्हा नीट करून जात. त्यांनी बरणी आणली. बरणीवर कागद डकवला होता: 'देवाचे बी. हात लावू नये.'

देविकाने चार बिया तळहातावर घेतल्या. नखाने दाबल्या. मग पर्समधून छोटी सुरी काढून एक मधोमध चिरली. आत तपकिरी होतं. दुसरी चिरली. तीही तशीच.

"आत्या, यांना काही केलंत?"

"काही नाही. स्वच्छ केल्या."

"कशाने?"

"सुतकात या बरणीला सतरा जणांचे हात लागले होते. कुणी उचलून बघतंय, कुणी पोरांना दाखवतंय. आणि कोरोनापासून माणसाने बाहेरून येऊन हात धुतले की नाही ते विचारायचीही चोरी. देवाच्या वातीचं बी ते. मी पाणी उकळलं, वरून हळद घातली, बिया त्यात टाकून झाकण ठेवलं. सकाळी उपसून तीन दिवस उन्हात घातल्या."

"उकळतं पाणी?"

"कोमट पाण्याने कधी सोवळं होतं का?"

देविकाने सुरी खाली ठेवली. "आत्या, या शिजल्या आहेत. यातली एकही उगवणार नाही."

शरदचंद्रांनी बरणीकडे पाहिलं. अकरा महिने ते रोज सकाळी आंघोळ करून शिजलेल्या सरकीसमोर उभे राहत होते. म्हशीलाही पचली असती ती. रडू येईल असं त्यांना वाटलं, पण आलं नाही. आत काहीतरी बसलं फक्त, जसं लिफ्ट मजला सोडून दोन बोटं खाली थांबते.

राजेशला मात्र कंठ फुटला होता. "सव्वाशे वर्षांचं बी तू भातासारखं शिजवलंस, ताई. मी पाटीला ऑर्डर दिली आहे. पणजोबांनी..."

"पणजोबांचं मला सांगू नकोस." मृणालिनीताईंचा आवाज चढला नाही, उलट बसला. "मला कुणी शिकवलं होतं? तुझ्या बायकोला आईने बी दिलं, तिने कुंडीत लावलं आणि मुंग्यांना घातलं. यशोदाला दिलं. मला वाती. वळलेल्या, मोजून डब्यात. पन्नास वर्षं. बी कसं असतं ते मी यशोदा गेल्यावर पहिल्यांदा हातात घेतलं. तेही बघत बसले असते, पण वाटलं, आपल्या हातून चुकायला नको, आधी शुद्ध करावं."

"पण साधी अक्कल..."

"राजेश," शरदचंद्र म्हणाले, "झाड तुम्ही सगळ्यांनी पाण्याने मारलंत, बी ताईने. पाणी गार होतं की गरम, एवढाच फरक."

राजेशने पाटीच्या चित्राची घडी घातली, पण खिशात ठेवली. टाकली नाही.

देविका बरणीतली एकेक बी चिरून बघत होती, एखादी वाचली असेल म्हणून. मग तिने तेही सोडलं. "काका, एक सांगा. काकूकडे चार ठिकाणचं बी आलं कुठून? उडून तर येत नाही. कुणीतरी देत असणार."

"शक्य नाही," राजेश म्हणाला.

शरदचंद्र विचार करत होते. यशोदा कुठे जायची? बाजारात, देवळात, भिशीला. आणि दर संक्रांतीला, चाळीस वर्षं न चुकता, वरळी कोळीवाड्यात गुणवंतीकडे हळदीकुंकवाला. गुणवंती सिटीलाइटच्या बाजारात मासे घेऊन बसायची. तिची सासू बसायची तेव्हापासून तिथलीच मासळी या घरात येत होती. आई कुरकुर करायची, कोळणीकडे कसलं हळदीकुंकू म्हणून. यशोदा म्हणायची, गेलं की पापलेट चांगलं देते. जाताना तिच्या पिशवीत एक छोटं फडकं असायचं, येतानाही तेच फडकं. पापलेटही असायचं. शरदचंद्रांनी आयुष्यभर पापलेटच बघितलं.

त्यांनी मोबाइल उचलला. नाव यशोदानेच भरून दिलं होतं: गुणवंती मासे.

"गुणवंतीबाई, शिवाजी पार्कातून बोलतोय. शरदचंद्र. नाही, मासे नकोत. कापूस आहे का तुमच्याकडे?"

"शरदभाऊ," गुणवंती म्हणाली, "अकरा म्हयने झाले. कोन येतंय का बघतेय. या."

राजेश आला नाही. त्याला कुणाचा तरी फोन येणार होता. मृणालिनीताई न विचारता चपला घालून दारात उभ्या राहिल्या. टॅक्सीत त्या एकदाच बोलल्या. "कोळीवाड्यात जायचं आणि बी मागायचं," त्या म्हणाल्या. "आई वरून बघत असेल तर बघू दे. तिला उकळतं पाणी लागेल."

गुणवंतीचं घर समुद्राच्या कडेला होतं. मागे जाळी वाळत पडली होती, आणि भिंतीला टेकून पुरुषभर उंचीचं देवकापसाचं झाड उभं होतं, त्यापलीकडे आणखी दोन. बोंडं फुटली होती. पानांना एक भोक नव्हतं. देविका आल्या आल्या झाडाशीच गेली आणि पानांची मागची बाजू उलटून बघू लागली, जशी आई मुलाच्या कानामागे बघते.

गुणवंतीने खुर्च्या मांडल्या. केसात अबोली, पासष्टीची बाई, हाताचा मासळीचा वास जावा म्हणून लिंबू चोळत होती.

"वाट बघत होतात म्हणालात," शरदचंद्र म्हणाले. "मला काहीच माहीत नव्हतं."

"तुमाला कुठनं असनार? यशोदाताईनं घरात सांगू दिलं असतं तं ना. तिच्या पयल्याच वर्साला तुमच्या घरचं झाड मेलं."

"कुठलं झाड?" मृणालिनीताईंनी विचारलं.

"तेच. तुमच्या आजा-पणज्याचं. सासू चार म्हयने बाहेरगावी गेलती. नवी सून, पाऊस लागला, झाडाला कीड लागली आन आठ दिसांत खलास. सासूनं दिलेलं बी कुंडीत टाकलं तं तेबी कुजलं. बाजारात येऊन रडली आमच्या म्हातारीपुढं. म्हातारी म्हनली, रडतेस कशाला, कापूस तो कापूस. आमच्या झाडाचं दिलं. सासू आली तवा रोपटं वीतभर झालतं. तिला वाटलं, आपल्याच बीचं नवं लावलंय."

मृणालिनीताईंचे खांदे हलू लागले. शरदचंद्रांना वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, पदर तोंडावर धरून, आवाज न करता.

"पन्नासातले चाळीस डबे," त्या म्हणाल्या. "सोवळ्याच्या वाती. कोळीवाड्याच्या."

"चांगल्या जळल्या ना?" गुणवंतीने विचारलं.

"एकही विझली नाही."

"मंग झालं."

देविका झाडापासून वळली. "पण नुसतं तुमचं नाही, मावशी. खानदेशातलं आहे, गुजरातेतलं आहे."

"आमी चौघी व्हतो ना. मी, यशोदाताई, एक लालबागच्या चाळीतली जळगावची बाई, आन रे रोडच्या लाकडाच्या वखारीवरची कच्छी. म्हातारीचं मूळ रायगडचं, ते निराळं. संक्रांतीला चौघी बसायचो. आपापली मूठ एका सुपात टाकायची, हातानं मिसळायची, मंग चौघींनी वाटून घ्यायची. यशोदाताईचं डोकं ते. एकदा झाड मेल्याचा धसका घेतलावता तिनं. म्हनायची, एकाच घरचं बी ठेवलं तं एकाच रोगानं जाईल. एकीचं मेलं तं तिघींचं असतंय."

देविकाने वहीत लिहायला पेन काढलं होतं. ते तसंच हातात राहिलं. "आम्हाला यासाठी दोन वर्षं आणि एक प्रयोगशाळा लागली," ती म्हणाली.

"तिला एक सासू लागली," मृणालिनीताई म्हणाल्या.

शरदचंद्र ऐकत होते. चाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या बाईचं हे सगळं त्यांना एका कोळणीच्या अंगणात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कळत होतं. राग येत नव्हता. वाईट एवढंच वाटत होतं की आता घरी जाऊन तिला 'काय गं' म्हणता येणार नाही.

"गेल्या संक्रांतीला ती आजारी व्हती," गुणवंती म्हणाली. "आपली मूठ तिनं पाठवून दिली टॅक्सीवाल्याकडनं. आमी तिघींनी मिसळली. तिचा वाटा घेऊन मी यायची, तं तिचीच बातमी आली. सुतकात बी नेऊन देत नाय आमी. मंग पावसात ते पेरून टाकलं, घरात ठेवून काय किडवायचं? हा कापूस त्याचाच." तिने सुपात बोंडं तोडायला सुरुवात केली. "हा वाटा तुमचा."

मृणालिनीताई पुढे सरकून सरकी सोडवू लागल्या. कापूस बोटांना चिकटत होता, बी सुटत नव्हतं. गुणवंतीने त्यांचे हात धरून अंगठा कसा दाबायचा ते दाखवलं. दोघी एका सुपावर वाकल्या. देविकाच्या मोबाइलवर राजेशचा मेसेज आला: मिळालं का, पाटीवर काय लिहायचं. मृणालिनीताईंनी चष्मा न लावता तो वाचून घेतला आणि म्हणाल्या, "लिही, वरळी."

साठ-सत्तर बिया निघाल्या, हिरवट पांढऱ्या लवीच्या, काही काळपट, काही बारीक. एकीसारखी दुसरी नव्हती. शरदचंद्र सुपाशी येऊन उभे राहिले. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"गुणवंतीबाई," त्यांनी विचारलं, "यातली तिची कुठली?"

गुणवंतीचा हात थांबला.

"ते आता कसं सांगू, शरदभाऊ? सगळी मिसळलीत." मग ती म्हणाली, "सगळीच लावा की."

देविकाने फडकं पसरलं आणि त्यात बिया ओतल्या. "काका, मला पन्नास पुरतील. दहा तुम्ही घ्या. बघून घ्या, चांगल्या."

शरदचंद्रांनी फडक्यात हात घातला आणि न बघता मुठीत आल्या तेवढ्या घेतल्या. चौदा होत्या. देविकाने मोजल्या आणि उरलेल्यांवर फडक्याची गाठ मारली.